विमान एका बाजूला ओढतंय? ट्रिमच्या बटणाला हात लावण्याआधी

नवं आरसी (रेडिओ कंट्रोलचं) विमान जमीन सोडतं आणि दोन सेकंदांत लक्षात येतं, की हे आपल्या मर्जीने डावीकडे निघालंय. एका अंगठ्याने स्टिक उजवीकडे दाबून धरायची, दुसऱ्या हाताने चाचपडत ट्रिमचं, म्हणजे स्टिकचा मध्य थोडा सरकवणारं, बटण शोधायचं आणि ट्रान्समीटरची टिक-टिक ऐकत राहायचं. सात-आठ क्लिक झाले की विमान सरळ होतं, छातीतली धडधड कमी होते आणि "झालं ट्रिम" असं म्हणून आपण पुढे उडवत राहतो.

मग उतरायची वेळ येते. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी केला, वेग उतरला, आणि मघाशी सरळ चालणारं तेच विमान आता दुसरीकडेच झुकायला लागतं. तेही जमिनीपासून तीन मीटरवर.

ट्रिमने दोष झाकला जातो, आणि तोही एकाच वेगाला. हे एवढं डोक्यात बसलं की पुढची सगळी कामं आपोआप ओळीने लागतात. विमान ओढतंय हे कळल्यावर "किती क्लिक द्यायचे?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की ओढतंय कधी? सतत, वेग बदलला की, का थ्रॉटल हलवला की? याचं उत्तर हवेत मिळतं, पण त्याआधी टेबलावरची कामं उरकलेली असावी लागतात. नाहीतर चार दोष एकत्र उडत असतात आणि कोणता कुणाचा ते कळत नाही.

खाली लिहिलेलं मुख्यतः इलेक्ट्रिक मोटरच्या, चार चॅनेलच्या शिकाऊ विमानासाठी आहे; चार चॅनेल म्हणजे थ्रॉटल, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, विमान कलवणारी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी). फोमचं असो वा बाल्साच्या हलक्या लाकडाचं, क्रम तोच.

टेबलावर, प्रॉप काढून

पहिली गोष्ट, प्रॉप (प्रॉपेलर) काढा. "थ्रॉटल खाली आहे, काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या बोटांवर टाके पाहिलेत मी. बॅटरी जोडलेली असेल आणि हात विमानात असेल, तर प्रॉप मोटरवर नको. बास.

आता ट्रान्समीटरवर बरोबर मॉडेल निवडलंय ना ते पाहा, हसू नका. सगळ्या ट्रिम शून्यावर आणा. सब-ट्रिमही (मध्य ट्रान्समीटरच्या मेन्यूतून सरकवायची सोय) शून्यावर. रिसीव्हरमध्ये जायरो किंवा स्टॅबिलायझर असेल तर तो बंद करा आणि ट्रिमचं काम संपेपर्यंत बंदच ठेवा. जायरो चालू असताना विमान वाकडं असलं तरी तो गुपचूप सावरत राहतो. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि ज्या दिवशी तो बंद पडतो त्या दिवशी खरं विमान भेटतं.

सर्व्होला, म्हणजे या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरला, मध्यावर राहण्यासाठी साधारण १५०० मायक्रोसेकंदांचा सिग्नल मिळतो. टोकाची हालचाल ढोबळमानाने १००० ते २००० च्या दरम्यान. ट्रिम शून्यावर असताना सर्व्होचा आर्म पुशरॉडशी (सर्व्होपासून हलत्या पट्टीपर्यंत जाणाऱ्या काडीशी) काटकोनात असायला हवा. नसेल तर स्क्रू काढून आर्म उचला आणि एखादा दात पुढे-मागे करून बसवा. २५ दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे अगदी काटकोन क्वचितच जमतो. उरलेला थोडा फरक सब-ट्रिमने काढायचा. सब-ट्रिमचं काम एवढंच. एलेरॉन वाकडा दिसतो म्हणून सब-ट्रिम चाळीसवर नेली, की सर्व्होची एका बाजूची हालचाल कमी होते आणि उजवं वळण डाव्यापेक्षा सुस्त लागतं.

आर्म काटकोनात आला की क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा आट्यांवर फिरणारा चिमटा) फिरवून एलेरॉन, एलिव्हेटर, रडर आपापल्या स्थिर भागाशी एका रेषेत आणा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका; स्टीलची पट्टी पंखावर आडवी ठेवून तिची कड एलेरॉनच्या मागच्या कडेपर्यंत पोचू द्या. पुशरॉडचे आटे एम-२ मापाचे असतील तर क्लेव्हिसची एक पूर्ण फेरी म्हणजे ०.४ मिमी. कंट्रोल हॉर्नचं (क्लेव्हिस जिथे अडकते त्या शिंगाचं) भोक बिजागरीपासून १५ मिमीवर असेल तर एका फेरीत सरफेस, म्हणजे ती हलती पट्टी, साधारण दीड अंश हलतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. आणि क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवायला विसरू नका. क्लेव्हिस हवेत उघडली तर मग ट्रिमचा प्रश्नच उरत नाही.

आता एक चाचणी, जी नवशिके हमखास टाळतात. एलिव्हेटरची स्टिक पूर्ण मागे ओढा आणि हळूच सोडा. मागची कड कुठे थांबली तिथे बाजूला मास्किंग टेपवर पेन्सिलने खूण करा. मग स्टिक पूर्ण पुढे न्या, हळूच सोडा. परत खूण करा. दोन खुणा एकावर एक आल्या पाहिजेत. त्यांच्यात दोन मिमीचं अंतर असेल तर तुमच्या विमानाला "मध्य" असा नाहीच. ते वर ओढल्यानंतर एक ट्रिम मागेल आणि खाली दाबल्यानंतर दुसरी. कारण शोधताना या क्रमाने जा: हॉर्नचं भोक पुशरॉडच्या तारेपेक्षा मोठं झालंय का, पुशरॉड मधेच धनुष्यासारखा वाकतोय का, बिजागरी घट्ट आहे का, आणि शेवटी सर्व्होचे गिअर झिजलेत का. यातला पहिला दोष स्वस्तात सुटतो: एक माप जाड तार, किंवा नवा हॉर्न.

प्लॅस्टिकच्या नळीतून जाणारे नायलॉनचे लांब पुशरॉड असतील तर अजून एक कटकट. ते उन्हात वाढतात. सकाळी सातला लावलेली एलिव्हेटरची ट्रिम दुपारी बारा वाजता दोन-तीन क्लिक बदललेली असते. त्यात तुमची चूक काही नाही. नळीला फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, दोन-तीन ठिकाणी आधार दिला तर निदान ती वाकत तरी नाही.

दोरा आणि पट्टी

माझं एक शिकाऊ विमान होतं, वरच्या पंखाचं, पंख रबरबँडने बांधायचा. दर रविवारी त्याला वेगळी ट्रिम लागायची. एका रविवारी चार क्लिक उजवीकडे, पुढच्या रविवारी काहीच नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सहा क्लिक डावीकडे. मी सर्व्होला शिव्या घातल्या, नवा सर्व्हो आणला, रिसीव्हर बदलला. शेवटी एक जुनेजाणते गृहस्थ आले, खिशातून दोरा काढला, शेपटीच्या टोकाला टाचणीने अडकवला आणि आधी डाव्या, मग उजव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणला. नऊ मिमीचा फरक. पंख फ्यूजलाजवर तिरका बसत होता, आणि मी दर वेळी तो नव्याने तिरका बांधत होतो. त्यांनी पंखाच्या मध्यावर आणि फ्यूजलाजवर पेनाने एकेक रेघ मारली, म्हणाले, "रेघेला रेघ लाव." झालं.

तर दोरा घ्या. न ताणला जाणारा. शिलाईचा दोरा दुहेरी करून चालतो. फ्यूजलाजच्या मागच्या टोकाच्या बरोबर मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांवरच्या एकाच जागेपर्यंतचं अंतर मोजा. एक मीटर पंखाच्या विमानात दोन मिमीपर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर पंख सरकवा. मग नाकाच्या मध्यापासून शेपटीच्या आडव्या पंखाच्या, म्हणजे स्टॅबच्या, दोन्ही टोकांपर्यंत तसंच मोजा.

आता विमान टेबलावर ठेवा, चार-पाच पावलं मागे जा, खाली बसा आणि एक डोळा मिटून शेपटीकडून पुढे पाहा. पंख आणि स्टॅब एकमेकांना समांतर दिसायला हवेत. स्टॅबचं एक टोक वर गेलेलं दिसत असेल तर स्टॅब बसवतानाच वाकडा बसलाय. फोमच्या विमानात खाचेत राहिलेला गोंदाचा गठ्ठा हे याचं नेहमीचं कारण. उभा पंख, म्हणजे फिन, स्टॅबशी काटकोनात आहे का ते गुण्याने पाहा. घरात गुण्या नसेल तर जाड पोस्टकार्डचा कोपरा.

शेवटी पंखाचा आणि स्टॅबचा कोन. पंखाचं नाक शेपटीच्या मानाने किंचित वर असतं, आणि हा फरक विमान बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. तो बिघडला की एलिव्हेटरला कायमची मोठी ट्रिम लागते. २०० मिमी रुंदीच्या पंखाच्या मागच्या कडेखाली एक मिमीची पट्टी सरकवली तर कोन साधारण ०.३ अंशाने कमी होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण उडताना जाणवतं. म्हणूनच पंखाखाली चुकून अडकलेली सर्व्होची वायर ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

पंखाला आलेला पीळ

पंख सपाट टेबलावर ठेवा. वरच्या बाजूने खाली वाकून कडेकडेने नजर फिरवा: मुळापासून टोकापर्यंत मागची कड एका रेषेत जाते की हळूहळू वर-खाली होते? बऱ्याच शिकाऊ विमानांत दोन्ही टोकांची मागची कड मुद्दाम थोडी वर ठेवलेली असते, म्हणजे वॉशआउट. कमी वेगाला टोकं शेवटी स्टॉल व्हावीत, म्हणजे त्यांची उचल शेवटी जावी, म्हणून. ते दोन्हीकडे सारखं असेल तर हात लावू नका. एकाच बाजूला असेल, किंवा दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना पिळलेली असतील, तर तो दोष.

बाल्साच्या पंखावर फिल्म चढवलेली असेल तर काम सोपं. कुणाला तरी पंख उलट दिशेने, हवा त्यापेक्षा थोडा जास्त पिळून धरायला सांगा, हीट गनने फिल्म वरखाली दोन्हीकडून ताणून घ्या आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. एवढी घाई कुणालाच नसते. फोमचा पंख असेल तर गरम पाण्याची वाफ किंवा अगदी हलकी ऊब देऊन हळूच वाकवा. हीट गन फोमच्या जवळ नेली तर पंखावर खड्डे पडतात. मी एकदा नेली होती.

सीजी

याच्यावर थोडं जास्त बोलतो, कारण ज्याला लोक "ट्रिमचा प्रॉब्लेम" म्हणतात त्यातलं निम्मं इथे निघतं.

सीजी म्हणजे विमान जिथे बोटांवर तोलून राहतं ती जागा. सूचनापत्रकात ती पंखाच्या पुढच्या कडेपासून मिमीमध्ये दिलेली असते. नसेल तर साध्या आयताकृती पंखासाठी पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांच्या पट्ट्यात सुरुवात करा. २०० मिमी रुंदी असेल तर पुढच्या कडेपासून ५० ते ६६ मिमी. पहिल्या उड्डाणाला मी पुढच्या निम्म्यातच राहतो. नाक जड असलेलं विमान सुस्त उडतं आणि उतरताना धपकन बसतं, पण ऐकतं तरी. शेपूट जड असलेलं विमान उडवण्याआधी जमिनीवरच सुधारणं बरं.

मोजताना विमान उडायला तयार असायला हवं: बॅटरी जागेवर, हॅच बंद, प्रॉप लावलेला. मात्र बॅटरी जोडायची नाही. दोन्ही पंखांखाली मोजलेल्या जागी टेपचे छोटे तुकडे चिकटवा आणि दोन तर्जन्यांवर उचला. नाक किंचित खाली झुकलं तर छान.

समजा सीजी हव्या त्यापेक्षा आठ मिमी मागे निघाला. विमानाचं वजन १२०० ग्रॅम. बरेच जण लगेच नाकात शिसं कोंबतात. त्याआधी हा हिशेब करा. वजन गुणिले अंतर: १२०० × ८ = ९६००. बॅटरी १८० ग्रॅमची असेल तर ९६०० भागिले १८०, म्हणजे बॅटरी साधारण ५३ मिमी पुढे सरकवली की झालं. तेवढी जागाच नसेल तर मग वजन. हव्या असलेल्या सीजीपासून २४० मिमी पुढे, नाकाच्या टोकाशी, ९६०० भागिले २४०, म्हणजे ४० ग्रॅम. बॅटरी सरकवणं फुकट आहे, ४० ग्रॅम मात्र प्रत्येक उड्डाणात वाहायचे.

बॅटरीची जागा ठरली की ट्रेवर मार्करने रेघ मारा. वेगळ्या मापाची बॅटरी घातली की ती रेघ निरुपयोगी, हेही ध्यानात ठेवा.

मग आडवा तोल. एकाने प्रॉपच्या शाफ्टखाली बोट धरायचं, दुसऱ्याने शेपटीच्या टोकाखाली, आणि विमान मोकळं सोडायचं. तीन-चार वेळा करून पाहा. दर वेळी तेच टोक खाली जात असेल तर दुसऱ्या पंखाच्या टोकाशी चिकटणारं छोटं वजन लावा. टोकाशी तरफ लांब असल्याने चार-पाच ग्रॅम पुष्कळ होतात.

मैदानावर, उडवण्याआधी

विमानाच्या मागे उभे राहा, त्याचं नाक तुमच्यापासून दूर. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. एलिव्हेटर स्टिक स्वतःकडे ओढली: एलिव्हेटर वर. रडर स्टिक उजवीकडे: रडर उजवीकडे. ट्रिमसाठीही तोच नियम: हवेत ज्या बाजूला स्टिक दाबून धरावी लागते, त्याच बाजूला ट्रिमचे क्लिक. उलट जोडलेला एलेरॉन घेऊन उडालेली विमानं जेमतेम दोन सेकंद टिकतात, आणि तेही अनुभवी लोकांच्या हातून झालेलं पाहिलंय.

नाकाचं चाक आणि रडर एकाच चॅनेलवर असतील तर एक फसवणूक ठरलेली असते. जमिनीवर विमान डावीकडे पळतं म्हणून तुम्ही रडरची ट्रिम उजवीकडे देता, जमिनीवर सरळ होतं, आणि हवेत गेल्यावर उजवीकडे वळायला लागतं. जमिनीवरचा दोष चाकाच्या पुशरॉडवर, हाताने काढायचा. रडरची ट्रिम हवेसाठी राखून ठेवा.

वाऱ्याचा दिवस ट्रिमसाठी वाया गेलेला समजा. पहाटेची किंवा संध्याकाळची शांत हवा बघा. थोडा वारा असलाच तर वाऱ्याच्या समोर आणि वाऱ्याबरोबरच उडवा. आडव्या वाऱ्यात सरळ विमानसुद्धा सरकत जातं आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

पहिलं उड्डाण: फक्त सरळ

दोन चुका पचतील एवढी उंची घ्या, मग अर्धा ते पाऊण थ्रॉटल. पंख सपाट करा आणि स्टिक एक-दोन सेकंद मोकळी सोडा. पाहा. मग परत ताबा घ्या. वळणात ट्रिमला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी शेजारी कुणी असेल तर बटणं त्याला दाबू द्या: "दोन उजवीकडे", "एक वर". तुमची नजर विमानावरच.

आधी एलिव्हेटर, म्हणजे विमान ना चढतंय ना उतरतंय. मग एलेरॉन. मग रडर. विमान तुमच्यापासून दूर जात असताना मागून पाहिलं की फरक कळतो: पंख खाली पडत असेल तर एलेरॉनचं काम, पंख सपाट पण नाक एका बाजूला ओढत असेल तर रडरचं. एलेरॉन नसलेल्या तीन चॅनेलच्या विमानात दोन्ही कामं रडरच करतो, तिथे हा गोंधळ नाही.

उतरल्यावर ट्रान्समीटरवर नजर टाका. एलेरॉनची ट्रिम उजवीकडे आणि रडरची डावीकडे, दोन्ही बऱ्याच अंतरावर? म्हणजे ते एकमेकांशी भांडताहेत आणि विमान खेकड्यासारखं तिरकं चाललंय. सरळ दिसतं, पण उतरताना घसरतं. दोन्ही शून्यावर आणा आणि पुन्हा सुरू करा, या वेळी रडर आधी.

आता खरा प्रश्न: कधी ओढतंय?

इथून पुढे विमान अर्ध्या थ्रॉटलला हात सोडून सरळ जातंय असं धरतो.

थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा आणि नाक पाहा. बहुतेक मोटरींवर प्रॉप मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याच्या उलट्या धक्क्याने आणि फ्यूजलाजभोवती गुंडाळत जाऊन फिनवर आपटणाऱ्या हवेने विमान डावीकडे ओढलं जातं. फुल थ्रॉटलला डावीकडे, थ्रॉटल बंद केला की सरळ: हा मोटरच्या दिशेचा दोष, रडरचा नाही. मोटर किंचित उजवीकडे वळवायची. मोटर माउंटच्या डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली वॉशर घाला. स्क्रूंमधलं अंतर ६० मिमी असेल तर एक मिमीचा वॉशर जवळपास एक अंश देतो. शिकाऊ विमानांना साधारण दोन-तीन अंश उजवीकडे आणि तेवढेच खाली लागतात, आणि ते बहुधा आधीच बसवलेले असतात. म्हणून आधी पाहा, मग वॉशर.

फुल थ्रॉटलला नाक वर जातं? इथे घड्याळ महत्त्वाचं. थ्रॉटल उघडताक्षणी नाक उसळलं तर मोटरला खाली झुकवायला हवं. वरच्या स्क्रूंखाली वॉशर. पण दोन-तीन सेकंदांनी, वेग वाढल्यावर, हळूहळू चढायला लागलं तर मोटरची काही चूक नाही. वरच्या पंखाचं, सपाट पोटाच्या पंखाचं शिकाऊ विमान वेग वाढला की चढणारच, त्याचा तो स्वभाव आहे. मोटर उंचावर, खांबावर किंवा पंखाच्या मागे बसवलेली असेल तर सगळं उलट: थ्रॉटल दिला की नाक खाली जातं, आणि मोटर किंचित वर रोखावी लागते.

आता डाइव्हची चाचणी. पुरेशी उंची, थ्रॉटल बंद, नाक साधारण ३० ते ४५ अंश खाली, आणि एलिव्हेटर स्टिक मोकळी. दोन-तीन सेकंद, जास्त नाही. अंगठा स्टिकवर टेकलेला. विमान जोरात नाक वर करून बाहेर आलं तर नाक जड आहे: तुम्ही ते वरच्या ट्रिमने तोलून धरलं होतं आणि वेग वाढल्यावर ती ट्रिम जास्तच बोलली. हळूच वर आलं किंवा त्याच रेषेत गेलं तर उत्तम. नाक अजूनच खाली घालायला लागलं तर ताबडतोब बाहेर काढा, शेपूट जड आहे. उतरा आणि बॅटरी पुढे घ्या. बॅटरी एका वेळी तीन-पाच मिमीच सरकवा, आणि दर वेळी एलिव्हेटर पुन्हा ट्रिम करूनच चाचणी करा. नाहीतर जुन्या ट्रिमचा निकाल नव्या सीजीच्या नावावर जमा होतो. शिकाऊ विमान थोडंसं वर आलं तर मी तिथेच थांबतो. पूर्ण निर्विकार सीजी हा कसरतींच्या विमानांचा शौक.

राहिलं ते सुरुवातीचं कोडं: उडताना सरळ, उतरताना झुकणारं. उंचीवर थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर हळूहळू ओढत विमान स्टॉलपर्यंत न्या, चार वेळा. दर वेळी तोच पंख पडला तर दोन शक्यता, पीळ किंवा जड टोक. पिळाचा जोर आणि एलेरॉनच्या ट्रिमचा जोर दोन्ही हवेच्या वेगावर चालतात, एकत्र वाढतात आणि एकत्र कमी होतात. त्यामुळे ट्रिम केलेलं पिळलेलं विमान वेग कमी झाला तरी बऱ्यापैकी सरळ राहतं, ऐन स्टॉलला मात्र एक पंख आधी सोडतो. जड टोकाचं वजन मात्र वेगाला भीक घालत नाही. वेग निम्मा झाला की ट्रिमचा जोर चौथ्या भागावर येतो, वजन तेवढंच राहतं, आणि स्टॉलच्या बऱ्याच आधीपासून जड बाजू खाली जायला लागते. जोरात एलिव्हेटर ओढून पाहा: जड टोक मागे राहिल्यासारखं खाली दबतं आणि लूप त्या बाजूला कलंडतो. म्हणजे शाफ्टवर तोलायचं काम नीट झालं नव्हतं. परत तोला, चार ग्रॅम लावा आणि एलेरॉनची ट्रिम शून्याकडे सरकते का ते पाहा.

दोन्ही एकत्रही असू शकतात. कमी वेगाला उलट्या बाजूला झुकणं हा त्याचाच प्रकार: एका पंखात पीळ, दुसऱ्या टोकात वजन, आणि उडत्या वेगाला दोघांनी जमवलेली तडजोड.

उतरल्यावरचं काम

ट्रान्समीटर बंद करायची घाई नको. बॅटरी सोडवून प्रॉप काढा, बॅटरी परत जोडा आणि विमान ट्रिमसकट जसं आहे तसं ठेवा. प्रत्येक सरफेसची मागची कड स्थिर भागापासून किती वर-खाली आहे ते पट्टीने मोजा, शेजारी टेपवर खूण करा. मग ट्रिम शून्यावर आणा. सरफेस खुणेपासून हलेल. आता क्लेव्हिस फिरवून तो परत त्याच खुणेवर आणा. सरफेस दीड अंश हलवायचा असेल तर एक फेरी, पाऊण अंशासाठी अर्धी. अर्ध्या फेरीत पिन हॉर्नच्या दुसऱ्या बाजूने आत जाते, तेही चालतं. त्याहून बारीक फरक क्लेव्हिसने होत नाही. पुशरॉडचं दुसरं टोक चालत असेल तर तिथून करा, नाहीतर उरलेले एक-दोन क्लिक ट्रिमवर राहू द्या. त्याने काही बिघडत नाही.

हल्लीच्या काही ट्रान्समीटरवर एका बटणात ट्रिम सब-ट्रिममध्ये ढकलायची सोय असते. मोह होतो. दोन-चार क्लिकसाठी ठीक; त्याहून जास्त असेल तर ती सोय वापरणं म्हणजे कचरा गालिच्याखाली सारणं.

मोजलेलं विचलन मागच्या कडेशी तीन मिमीपेक्षा जास्त निघालं तर क्लेव्हिसलाही हात लावू नका. एवढं विचलन सरळ बांधलेल्या विमानाला लागत नाही. दोरा काढा आणि पुन्हा शेपटीपासून सुरू करा.

वहीत एक ओळ लिहा: तारीख, बॅटरीची जागा, सीजी किती मिमीवर, कोणत्या सरफेसची क्लेव्हिस किती फेऱ्या फिरवली, मोटरखाली किती वॉशर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा उडवायचं. सीजी आणि वॉशर एकाच दिवशी बदललेत तर पुढच्या आठवड्यात स्वतःचंच अक्षर वाचून डोकं खाजवत बसाल.

सलग तीन उड्डाणांत, पूर्ण थ्रॉटलपासून उतरण्यापर्यंत, ट्रिमच्या बटणाला हात लागला नाही की जायरो परत चालू करा. आणि एलेरॉन वर जास्त, खाली कमी जाईल असं डिफरेन्शियल लावायला घ्या; वळताना नाक उलटीकडे जाण्याची वरच्या पंखाच्या विमानांची सवय त्याने बरीच कमी होते.